युरोपच्या सहलीला निघताना कॅमेऱ्याच्या कोणत्या लेन्स न्याव्यात?

युरोपची सहल ही बहुतेक भारतीय कुटुंबांच्या आयुष्यात वारंवार येणारी गोष्ट नव्हे. काही वर्षांची बचत, रजेची जुळवाजुळव आणि व्हिसासाठीची धावपळ यांनंतर दहा-बारा दिवस हाती लागतात. अनेकदा सोबत वयस्कर आई-वडील किंवा लहान मुले असतात. हे दिवस जपून ठेवावेत ही इच्छा स्वाभाविक असते आणि म्हणूनच छायाचित्रणाची आवड असलेला पर्यटक बॅग भरताना एका प्रश्नाशी येऊन थांबतो. घरी असलेल्या लेन्सपैकी सोबत कोणत्या घ्यायच्या आणि कोणत्या ठेवून जायच्या?

'न जाणो, लागली तर' या विचाराने सर्वच लेन्स बॅगेत जातात. त्याची किंमत मात्र तिसऱ्या दिवसापासून खांद्याला मोजावी लागते. या लेखात रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस या इटलीतील तीन शहरांचे उदाहरण घेऊन लेन्सची निवड कशी करावी, हे पाहू. ही तीन शहरे घेण्याचे कारण असे की, युरोपातील शहरांत छायाचित्रकारापुढे येणाऱ्या बहुतेक अडचणी येथे एकत्र भेटतात. भव्य वास्तूंपुढील अपुरी जागा, अंधारी चर्च, अरुंद गल्ल्या आणि दूरवरून दिसणारे घुमट या त्या अडचणी होत. प्राग, पॅरिस किंवा व्हिएन्ना येथे जाणाऱ्यांनाही हाच विचार उपयोगी पडेल.

ओझ्याचा हिशेब

प्रथम वजनाचा विचार करू. व्यावसायिक छायाचित्रकारांमध्ये तीन झूम लेन्सचा संच लोकप्रिय आहे. कॅननच्या आरएफ मालिकेत हा संच १५-३५ मिमी, २४-७० मिमी आणि ७०-२०० मिमी असा असून तिन्हींचे अॅपर्चर एफ २.८ आहे. त्यांची वजने अनुक्रमे सुमारे ८४०, ९०० आणि १०७० ग्रॅम आहेत. म्हणजे कॅमेरा सोडून केवळ लेन्सचे वजन २ किलो ८०० ग्रॅमच्या वर जाते.

याच मालिकेतील २४-१०५ मिमी एफ ४ ही झूम लेन्स ७०० ग्रॅमची आणि ५० मिमी एफ १.८ ही छोटी लेन्स १६० ग्रॅमची आहे. दोन्ही मिळून ८६० ग्रॅम भरतात. दोन संचांतील फरक जवळपास २ किलोंचा आहे. दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली दिवसभर खांद्याला लावून चालण्यासारखेच हे आहे.

युरोपातील जुन्या शहरांचा मध्यभाग पायीच पाहावा लागतो. रोमच्या अनेक रस्त्यांवर काळ्या दगडाच्या लहान ठोकळ्यांची फरसबंदी आहे. व्हेनिसमध्ये पुलांच्या पायऱ्या सतत चढाव्या-उतराव्या लागतात. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर जाण्यासाठी ४६३ पायऱ्या आहेत. संध्याकाळपर्यंत थकलेला माणूस बॅगेतून लेन्स काढण्याचे टाळू लागतो आणि मग ती लेन्स केवळ ओझे म्हणून उरते.

विमानाचाही विचार करावा. भारतातून युरोपला जाणाऱ्या अनेक विमान कंपन्या साध्या वर्गात हातातील सामानासाठी ७ ते ८ किलोंची मर्यादा ठेवतात. लेन्स व कॅमेरा नाजूक असल्याने ते मोठ्या बॅगेत टाकता येत नाहीत आणि कॅमेऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या तर नियमानुसार हातातील सामानातच ठेवाव्या लागतात. औषधे, कागदपत्रे आणि गरम कपडे याच बॅगेत असतील, तर तीन किलोंच्या लेन्स चैनीच्या ठरतात.

लेन्सवरील आकड्यांचा अर्थ

लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा हा तिचे नाभीय अंतर दर्शवतो. हे अंतर जितके कमी, तितके लेन्सला दिसणारे दृश्य रुंद. अंतर वाढले की दृश्याचा लहान भाग मोठा होऊन दिसतो. ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच संवेदक असलेल्या, म्हणजे फुल फ्रेम म्हटल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स कर्णाच्या दिशेने सुमारे ८४ अंशांचे दृश्य टिपते. ५० मिमीची लेन्स ४७ अंशांचे, तर २०० मिमीची लेन्स केवळ १२ अंशांचे दृश्य टिपते.

लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यांत हा हिशेब बदलतो. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्म यांच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांत लेन्सवरील आकड्याला दीडने, तर कॅननच्या तशा कॅमेऱ्यांत १.६ ने गुणावे लागते. त्यामुळे १८-५५ मिमी ही सर्वपरिचित लेन्स निकॉनवर फुल फ्रेमच्या भाषेत २७ ते ८२ मिमी इतकी होते. या लेखात पुढे येणारे आकडे, वेगळे सांगितले नसेल तेथे, फुल फ्रेमचे समजावेत.

एखादी वास्तू चौकटीत मावण्यासाठी किती मागे जावे लागेल, हे काढण्याची एक सोपी रीत आहे. वास्तूची रुंदी मीटरमध्ये घ्यावी, तिला नाभीय अंतराने गुणावे आणि ३६ ने भागावे. येणारे उत्तर म्हणजे उभे राहण्याचे अंतर. हा हिशेब ढोबळ आहे, तरी घरबसल्या बरेच काही सांगून जातो.

रोम : मोठी वास्तू, लहान चौक

रोममधील त्रेवी कारंजे हे याचे उत्तम उदाहरण आहे. कारंज्याची रुंदी सुमारे ४९ मीटर आणि उंची सुमारे २६ मीटर आहे. ५० मिमीच्या लेन्सने ते पूर्ण टिपायचे तर ६८ मीटर मागे जावे लागेल. कारंज्यापुढील चौक लहान असल्याने तेवढी जागा तेथे नाही. २४ मिमीला हे अंतर ३३ मीटरवर येते आणि १६ मिमीला २२ मीटरवर.

यावरून १६ मिमीची रुंद लेन्स हवीच, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. अलीकडच्या अनेक मोबाइल फोनमध्ये १३ मिमीच्या आसपासचे रुंद दृश्य टिपणारा कॅमेरा असतो. दिवसाच्या उजेडात त्याची छायाचित्रे अल्बमसाठी पुरेशी चांगली येतात. दुसरा मार्ग असा की, कॅमेरा उभा धरून डावीकडून उजवीकडे तीन-चार छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येकात आधीच्या छायाचित्राचा तिसरा हिस्सा येऊ द्यावा आणि घरी संगणकावर ती जोडावीत. स्थिर वास्तूसाठी ही रीत उत्तम चालते.

पँथिऑनमध्ये तर रुंद लेन्सचाही कस लागतो. या प्राचीन वास्तूच्या घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आहे आणि जमिनीपासून घुमटाच्या टोकापर्यंतची उंचीही तितकीच आहे. घुमटाच्या मध्यभागी सुमारे ९ मीटर व्यासाचे उघडे वर्तुळ असून त्यातून उन्हाचा झोत आत येतो. संपूर्ण अंतर्भाग एका चौकटीत मावत नाही. अशा ठिकाणी सर्व काही टिपण्याचा हट्ट सोडून तो झोत आणि ज्या भिंतीवर तो पडला आहे तेवढीच भिंत टिपावी. त्यासाठी २४ ते ३५ मिमी पुरते.

कलोझियमची गोष्ट निराळी आहे. १८९ मीटर लांब आणि १५६ मीटर रुंद अशा या लंबवर्तुळाकार रंगमंडलाच्या बाहेर मोकळी जागा असून उत्तरेकडील उंचवट्यावरूनही ते दिसते. तेथे २४ मिमीपासून पुढची साधी झूम लेन्स पुरेशी होते. आत शिरताना मोठ्या पाठपिशव्या चालत नाहीत, हे मात्र ध्यानात असावे. व्हॅटिकन संग्रहालयातही मोठी बॅग आणि तिपाई प्रवेशद्वाराजवळ ठेवून द्यावी लागते. लहान बॅगेचा आग्रह धरण्याचे हेही एक कारण आहे.

अंधारी चर्च आणि उजेडाचे गणित

इटलीतील चर्च हीच चित्र-शिल्पांची मोठी संग्रहालये आहेत. मात्र बाहेरच्या लख्ख उन्हातून आत पाऊल टाकले की डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही. कॅमेऱ्याची स्थिती याहून बिकट असते. फ्लॅशला बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि तिपाईही वापरता येत नाही.

इटलीने २०१४ मध्ये केलेल्या एका कायद्याने सरकारी संग्रहालयांत खासगी वापरासाठी छायाचित्रे घेण्यास मोकळीक मिळाली. त्यातही फ्लॅश आणि तिपाई न वापरण्याची अट आहे. व्हॅटिकन हे स्वतंत्र राज्य असल्याने तेथील नियम वेगळे आहेत. सिस्टिन चॅपेलमध्ये छायाचित्रणाला पूर्ण मनाई आहे. तेथे कोणतीही लेन्स उपयोगाची नाही आणि हातात कॅमेरा नसल्यामुळे मायकेलअँजेलोचे छत निवांत पाहता येते, हा त्यातील फायदाच म्हणावा लागेल.

मंद उजेडात लेन्सवरील दुसरा आकडा महत्त्वाचा ठरतो. तो म्हणजे एफ आकडा. हा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे अॅपर्चर मोठे आणि आत येणारा उजेड जास्त. एफ ४ ऐवजी एफ १.८ वापरले तर कॅमेऱ्यात सुमारे पाचपट उजेड येतो. सामान्य झूम लेन्स पूर्ण लांबवल्यावर तिचे अॅपर्चर बहुधा एफ ५.६ असते. त्या तुलनेत तर हा उजेड जवळपास दहापट होतो.

व्यवहारात याचा अर्थ असा. एफ ४ ला आयएसओ ६४०० आणि शटरचा वेग सेकंदाचा साठावा भाग लागत असेल, तर एफ १.८ ला तेच काम सुमारे १३०० आयएसओवर होते. छायाचित्रातील दाणेदारपणा त्यामुळे स्पष्टपणे घटतो. किंवा आयएसओ तसाच ठेवून शटरचा वेग सेकंदाच्या तीनशेव्या भागापर्यंत नेता येतो.

आजच्या अनेक कॅमेऱ्यांत आणि लेन्समध्ये हाताचे कंपन भरून काढणारी यंत्रणा असते. मग मोठ्या अॅपर्चरची गरज काय, असा प्रश्न विचारला जातो. ही यंत्रणा आपला हात स्थिर करते, समोरचा माणूस नव्हे. रिकाम्या वेदीचे छायाचित्र तिच्या बळावर चांगले येते, पण मेणबत्ती लावणारी आजी किंवा छताकडे बघत गिरकी घेणारा आपला नातू मात्र पुसट येतो. तेथे मोठ्या अॅपर्चरला पर्याय नाही.

फ्लॉरेन्स : मनोऱ्याखाली आणि टेकडीवर

फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलशेजारी जोत्तोचा घंटामनोरा उभा आहे. त्याची उंची ८४.७ मीटर आहे. योगायोग असा की, मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवरही जवळपास तितकाच, म्हणजे सुमारे ८५ मीटर उंच आहे. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या त्या मनोऱ्याच्या शैलीवर इटलीच्या, विशेषतः व्हेनिसच्या गॉथिक वास्तुकलेची छाप आहे.

मुंबईत ओव्हल मैदानामुळे मागे जायला भरपूर जागा आहे. फ्लॉरेन्समध्ये मनोऱ्याभोवती चौक आणि लगेच इमारती आहेत. वरच्या रीतीने हिशेब केला तर कॅमेरा उभा धरून २४ मिमीच्या लेन्सने मनोरा टिपायला ५६ मीटर मागे जावे लागते. त्यातही एक अडचण आहे. कॅमेरा जमिनीला समांतर ठेवला तर मनोरा चौकटीच्या वरच्या निम्म्या भागातच बसू शकतो, कारण खालच्या निम्म्या भागात केवळ फरसबंदी येते. मग अंतर दुप्पट करावे लागते. ते शक्य नसल्याने पर्यटक कॅमेरा वर वळवतात आणि मनोरा मागे कलल्यासारखा, वरच्या बाजूला निमुळता होत गेलेला दिसतो.

अधिक रुंद लेन्स घेतल्याने हा दोष जात नाही. उलट जवळून टिपल्यास तो वाढतो. उपाय दोन आहेत. एक म्हणजे मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून छायाचित्र घ्यावे आणि नंतर संगणकावर उभ्या रेषा सरळ कराव्यात. दुसरा म्हणजे मनोरा पूर्ण टिपण्याऐवजी पांढऱ्या, हिरव्या आणि गुलाबी संगमरवराची नक्षी जवळून टिपावी. दुसऱ्या उपायासाठी ५० ते १०५ मिमीची मर्यादा पुरेशी आहे.

आता उलट बाजू पाहू. आर्नो नदीपलीकडील पियात्साले मिकेलअँजेलो या उंच चौकातून संपूर्ण शहर आणि ब्रुनेलेस्कीचा घुमट दिसतो. सूर्यास्ताच्या वेळी तेथे पर्यटकांची दाटी होते. तेथून कॅथेड्रल सरळ रेषेत सव्वा किलोमीटरहून थोडे अधिक दूर आहे. येथे ७०-२०० मिमीची जड लेन्स हवीच, असे अनेकांना वाटते.

आकडे काय सांगतात ते पाहावे. इतक्या अंतरावरून १०५ मिमीच्या लेन्सला सुमारे ४६० मीटर रुंदीचे दृश्य दिसते. कॅथेड्रलची लांबी १५३ मीटर आहे. ती पूर्ण दिसते असे धरले तर वास्तू चौकटीचा तिसरा हिस्सा व्यापते. भोवतालची तांबड्या कौलांची घरे आणि मागचे डोंगर यांसह हे दृश्य उत्तम बसते. २०० मिमीने वास्तू चौकटीचा जवळपास दोन-तृतीयांश भाग व्यापेल. पण १०५ मिमीचे छायाचित्र कापूनही तोच परिणाम मिळवता येतो. २४ मेगापिक्सलच्या छायाचित्रातून असा भाग कापल्यास साडेसहा मेगापिक्सलच्या वर शिल्लक राहतात. त्यातून १० इंच रुंद आणि ७ इंच उंच अशी सुबक प्रत निघते.

म्हणजे एका संध्याकाळच्या एका दृश्यासाठी एक किलोची लेन्स दहा दिवस वाहायची की छायाचित्र थोडे कापायचे, असा हा सरळ प्रश्न आहे.

व्हेनिस : लेन्स बदलायला वेळ नसलेले शहर

व्हेनिसमध्ये निराळा अनुभव येतो. शहरातील काही गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरून कोणी आले तर अंग चोरून उभे राहावे लागते. काल्ले वारिस्को ही गल्ली तर एका ठिकाणी केवळ ५३ सेंटिमीटर रुंद आहे. अशा गल्लीतून बाहेर पडताच अचानक प्रशस्त चौक किंवा कालवा समोर येतो. २४ मिमीपासून १०० मिमीपर्यंतची गरज पाच मिनिटांत पडते.

ग्रँड कॅनॉलमधून जाणाऱ्या वापोरेत्तो या सार्वजनिक बोटीतून छायाचित्रे घेताना हे अधिक जाणवते. बोट पुढे जात असते, धक्क्यांवर माणसे चढ-उतार करत असतात आणि राजवाडे एकामागून एक मागे पडतात. रियाल्तो पूल समोर आला तेव्हा हातात चुकीची लेन्स असेल तर बदलेपर्यंत बोट पुलाखाली पोहोचते. शिवाय हलत्या, दमट हवेच्या बोटीत कॅमेऱ्याचे तोंड उघडणे धोक्याचे असते. संवेदकावर बसलेला एक धूलिकण पुढच्या सर्व छायाचित्रांत, विशेषतः आकाशात, डाग होऊन राहतो. लेन्स हातातून निसटली तर तिचा मुक्काम कालव्याच्या तळाशी होतो.

अशा शहरात एकच झूम लेन्स दिवसभर कॅमेऱ्यावर ठेवणे शहाणपणाचे आहे. सेंट मार्क चौकातील ९८.६ मीटर उंच घंटामनोऱ्यावर लिफ्टने जाता येते. तेथूनही समोरचे सान जॉर्जो मॅजोरे बेट याच लेन्सने व्यवस्थित टिपता येते.

ऋतू आणि सूर्यास्त

निवडीत ऋतूचाही वाटा असतो. मुंबईत वर्षभरात दिवसाची लांबी सुमारे ११ ते सव्वातेरा तासांच्या दरम्यान राहते. रोममध्ये मात्र डिसेंबरात दिवस साधारण ९ तासांचा, तर जूनमध्ये सव्वापंधरा तासांचा असतो. जूनअखेरीस तेथे सूर्य रात्री पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि नंतरही संधिप्रकाश आपल्याकडच्यापेक्षा जास्त वेळ रेंगाळतो. पॅरिस त्याहून उत्तरेला असल्याने तेथे जूनमधील सूर्यास्त दहाच्या थोडा आधी होतो.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांना त्यामुळे भरपूर उजेड मिळतो आणि एफ ४ ची झूम लेन्स बहुतेक वेळ पुरते. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांना दुपारी पावणेपाचच्या आधीच सूर्यास्त पाहावा लागतो. त्यानंतरचे बाजार, दिव्यांच्या माळा आणि ओले रस्ते हेच त्या सहलीचे खरे दृश्य असते. त्यांनी मोठ्या अॅपर्चरची लेन्स घरी ठेवू नये.

मग बॅगेत काय असावे?

वरील विवेचनावरून निष्कर्ष असा निघतो की, शहरांच्या सहलीसाठी दोन लेन्स पुरेशा आहेत. एक, २४ मिमीपासून १०० मिमीच्या आसपास जाणारी झूम लेन्स. दोन, ३५ किंवा ५० मिमीची, मोठ्या अॅपर्चरची छोटी लेन्स. अतिरुंद दृश्यासाठी खिशातील फोन आहेच.

निरनिराळ्या कॅमेऱ्यांच्या वापरकर्त्यांसाठी काही पर्याय असे :

- फुल फ्रेम कॅमेरा : २४-१०५ मिमी किंवा २४-१२० मिमी एफ ४, सोबत ३५ किंवा ५० मिमी एफ १.८. निकॉनची झेड मालिकेतील २४-१२० मिमी लेन्स ६३० ग्रॅमची आहे.
- फुजीफिल्म एपीएस-सी : १६-८० मिमी एफ ४ आणि २३ किंवा ३५ मिमी एफ २. यांतील १६-८० ही ४४० ग्रॅमची, तर ३५ मिमी एफ २ ही १७० ग्रॅमची आहे.
- जुना डीएसएलआर आणि १८-५५ मिमी लेन्स : नवी महाग झूम घेण्याची गरज नाही. निकॉनसाठी ३५ मिमी एफ १.८ ही २०० ग्रॅमची लेन्स, तर कॅननसाठी २४ मिमी एफ २.८ ही १२५ ग्रॅमची चपटी लेन्स सोबत घ्यावी.
- एकच लेन्स न्यायची असल्यास : २४-२४० मिमी किंवा एपीएस-सीवर १८-१४० मिमी. उजेडात ती सर्व कामे करते, चर्चमध्ये आणि रात्री मात्र तडजोड करावी लागते.

एका गोष्टीबाबत सावध राहावे. किंमत कमी असल्याने ५० मिमी एफ १.८ ही लेन्स आपल्याकडे अनेकांच्या संग्रही असते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ती ७५ ते ८० मिमीसारखी वागते. व्यक्तिचित्रांसाठी ती छान आहे, पण अरुंद गल्लीत किंवा उपाहारगृहातील टेबलापलीकडे बसलेल्या चार जणांना टिपताना मागे सरकायला भिंत आडवी येते.

कमी लेन्स म्हणजे कमी प्रतीची छायाचित्रे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या मॅग्नम या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. १९४८ च्या जानेवारीत ते दिल्लीत होते. गांधीजींची अखेरच्या दिवसातील आणि त्यांच्या अंत्ययात्रेची त्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली. त्यांनी आपले बहुतेक काम लहानशा लायका कॅमेऱ्यावर, ५० मिमीच्या लेन्सने केले. एकाच लेन्सची सवय झाली की ती किती दृश्य टिपेल, हे कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच कळू लागते.

रंगीत तालीम घरीच करावी

निवड पक्की करण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे मागील दोन-तीन सहलींची छायाचित्रे संगणकावर उघडून पाहावीत. प्रत्येक छायाचित्राच्या नोंदीत ते कोणत्या नाभीय अंतरावर घेतले, हे लिहिलेले असते. आपल्याला आवडलेली पन्नास छायाचित्रे निवडून त्यांचे आकडे मांडावेत. जी लेन्स या यादीत एखाद-दुसऱ्या वेळीच येते, ती घरी राहिली तरी चालेल.

दुसरी गोष्ट म्हणजे, नेणार असलेले सर्व सामान घेऊन आपल्याच शहरात सहा तास पायी फिरावे. पुण्यातील कसबा पेठ, दिल्लीतील चांदणी चौक, इंदूरचा राजवाडा परिसर किंवा काशीच्या गल्ल्या यासाठी उत्तम आहेत. मुंबईकरांना राजाबाई टॉवरसमोर उभे राहून फ्लॉरेन्सच्या मनोऱ्याचा सराव करता येईल. एखादे जुने मंदिर, चर्च किंवा मशीद यांच्या अंधाऱ्या गाभ्यात, परवानगी असेल तेथे, आपला कॅमेरा किती आयएसओपर्यंत समाधानकारक काम करतो तेही पाहून घ्यावे. संध्याकाळी खांदा काय सांगतो, ते ऐकावे.

नवी लेन्स घ्यायचीच असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी घेऊ नये. किमान तीन-चार आठवडे ती हाताळावी. मोठ्या शहरांत लेन्स भाड्यानेही मिळतात. तिचा उपयोग केवळ या सहलीपुरता असेल तर तो मार्ग परवडतो.

प्रवासातील काळजी

महागडी उपकरणे परदेशी नेताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांना दाखवून त्यांच्या क्रमांकांसह निर्यात दाखला घेता येतो. परतताना त्याच वस्तू भारतातून नेलेल्या होत्या, हे सिद्ध करणे त्यामुळे सोपे जाते. यासाठी थोडा अधिक वेळ हाती ठेवावा. कॅमेरा आणि लेन्सचे क्रमांक व खरेदीची पावती यांची प्रत फोनमध्येही असावी. विमा उतरवला असेल तर चोरीच्या तक्रारीसाठी हीच माहिती लागते.

गर्दीच्या बसमध्ये, रेल्वेस्थानकांवर आणि प्रसिद्ध कारंज्यांभोवती पाकीटमारांपासून सावध राहावे लागते. बॅग पाठीवर न ठेवता पुढे घ्यावी. लेन्स बदलायची असेल तर भिंतीकडे पाठ करून, बसून, बॅग मांडीवर ठेवून बदलावी. शक्यतो सकाळी हॉटेलमध्येच दिवसाची लेन्स ठरवावी आणि दुसरी अंधार पडल्यावर लावावी.

शेवटी छायाचित्र कोणाचे?

लेन्स बदलण्यासाठी थांबलेल्या माणसाची वाट त्याच्या सोबतचे सर्वजण पाहत असतात. ही गोष्ट छायाचित्रकाराच्या लक्षात येत नाही, घरच्यांच्या मात्र येते. गुडघे दुखत असतानाही तिसऱ्या पुलापर्यंत चालत आलेली आई कठड्याला टेकून उभी राहते, समोरच्या पाण्याकडे पाहते आणि क्षणभर हसते. तो क्षण बॅगेची चेन उघडेपर्यंत थांबत नाही.

त्रेवी कारंजे आणि ब्रुनेलेस्कीचा घुमट यांची उत्तमोत्तम छायाचित्रे पुस्तकांत आणि संगणकावर विपुल उपलब्ध आहेत. त्या कठड्याला टेकलेल्या आईचे छायाचित्र मात्र आपल्याखेरीज कोणी काढणार नाही. दहा वर्षांनी अल्बम उघडला जाईल तेव्हा कुटुंबीय तेच पान आधी शोधतील. लेन्स निवडताना हा एक विचार केला, तरी बॅग आपोआप हलकी होते.